एक दात मागे

मार्चमध्ये आल्फहिल्ड मावशीचा परवाना गेला
आणि गाडी माझ्याकडे आली.
मावशीला आता समोरच्याचा चेहरा दिसत नाही,
कान तेवढे दिसतात, म्हणते, आणि मागची भिंत.
गाडी एक्याण्णवची. इंजिन ठणठणीत.
सीट मात्र तिच्या मापावर गोठलेली.
ती चार फूट अकरा. मी सहा फूट चार.

शेलेफ्तेओ ते ऊमेओ, एकशेतीस किलोमीटर,
गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना,
हनुवटी जवळजवळ हॉर्नवर.
ओलांडून गेलेल्या लाकडाच्या ट्रकवाल्याला वाटलं असेल,
कुणी सारस पक्षी खोक्यात घालून नेतंय.
पुढच्या शनिवारी तसाच दुमडून परत आलो,
कारण पाने, मल्टिमीटर आणि अक्कल,
तिन्ही मावशीच्या गॅरेजमध्ये.

फ्यूज बघ आधी.
बघितला. शाबूत.
रिले बदलून पाहिला. तोच टक्.
सीटखालचा प्लग उपसून हिरवा गंज खरवडला,
बटणाचं पोट उघडून स्पिरिटने पुसलं.
मावशी स्टुलावर, हातात टॉर्च,
उजेड माझे हात सोडून बाकी सगळीकडे.

सीटच काढावी म्हटलं
तर पुढचे दोन बोल्ट तिच्या पोटाखाली.
ती मागे सरकल्याशिवाय ते दिसणार नाहीत,
ते निघाल्याशिवाय ती मागे सरकणार नाही.
वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही,
त्यातली गत.

"दाब परत," मावशी म्हणाली, "आणि श्वास घेऊ नकोस."
दाबलं.
एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेली बाई,
साठ फुटांवर काचेच्या पेटीत एकटी.
वायररोप कण्हला तर भार कण्हतोय की बेअरिंग,
हे तिच्या तळपायांना कळायचं.
"मोटर फिरतेय," ती म्हणाली.
"डावीकडे ओझं ओढतेय. उजवीकडे नुसतीच गुणगुणतेय.
घोडं तिथे पेंड खातंय."

उजव्या रुळाकडे जाणारी केबल, करंगळीहून बारीक.
ओढली तशी हातात आली,
पालीची शेपटी यावी तशी.
चौकोनी असायचं ते टोक गोल झालेलं.
चौतीस वर्षं त्याच खाचेत फिरून
कोपरे झिजून गेलेले.
"नवी मिळायची नाही. वरची नळी सेंटिमीटरभर काप,
मागचा न झिजलेला चौकोन पुढे येईल."
माणसांचंही असं करता आलं असतं तर,
असलं काहीतरी मनात आलं.
बोललो नाही. तोंडात स्क्रू होता.

केबलला ड्रिल लावून रूळ दात दात मागे आणला,
डावा, मग उजवा, मग परत डावा.
खाली निघालं ते मावशीच्या तळहातावर ठेवलं:
पन्नास ओअरचं नाणं, खोकल्याची चिकट गोळी,
आणि चांदीचा एक डूल.
गोळीही तिने चाचपून पाहिली.
डुलावर बोट थांबलं.
"याच्यावरून मी ओड्नीशी नऊ वर्षं बोलले नाही.
आता फोन करावा लागणार."
केला नाही. निदान मी असेपर्यंत तरी.

संध्याकाळी सहाला सीट हलली.
कुरकुरत, पण हलली.
"ऊठ," मावशी म्हणाली, आणि स्वतः बसली.
बटण दाबून थेट पुढे गेली, जुन्या जागी.
इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर,
समोर गॅरेजची भिंत,
जिच्यावर तिने खडूने कधीतरी फ्यूजचे नंबर लिहिलेले.
मग बटण उलटं दाबलं.
सावकाश मागे येत राहिली,
पेडलवरून पाय सुटेपर्यंत,
लोंबकळेपर्यंत.
"घे. तुझी."

बसलो. पाय लांब केले.
कंबर किंचित उजवीकडे कलली.
"उजवी बाजू एक दात मागे राहिलीय,"
टॉर्च खिशात टाकत ती म्हणाली.
मी विचारलं, जुळवू का?
"राहू दे. रस्ता लांब आहे.
वाकडा बसलास तर झोप लागणार नाही."